इंदुताईंची तपकिरी शिरेची ज्वारी

इंदुताईंना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या माझ्या खुर्चीत बसल्या होत्या.

आखाती युद्धाचे दिवस होते. पेट्रोलचे काय होणार या चिंतेने सगळ्यांना घेरले होते, आणि त्यामुळेच आमच्यासारख्या आडबाजूच्या माणसांना एकाएकी महत्त्व आले होते. सुरतेहून कडोदऱ्याच्या पुढे बारडोली रस्त्याला आमचे छोटेसे पीक संशोधन केंद्र होते. मी तिथला रसायनशास्त्रज्ञ. उसाचा चोथा आणि ज्वारीचा कडबा यांपासून इंधन करता येईल का, हा माझा विषय. त्या दुपारी मी जेवून प्रयोगशाळेत आलो, तर फिक्या निळ्या सुती पातळातल्या, पन्नाशीच्या एक बाई माझ्याच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. पायांना माती होती. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"काळेसर ना तुम्ही? चोथ्याचा काप फार सुरेख घेतलाय. भिंत अगदी स्वच्छ दिसतेय."

"आपण?"

"मी इंदुमती बागूल. धुळ्याहून आले. वनस्पती पैदाशीच्या विभागात." आणि मग, पुन्हा डोळा लावून, "सर, एक विचारू? ही भिंत फोडायला तुम्ही एवढा त्रास का घेता?"

खुर्ची माझी आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. मी स्टूल ओढून बसलो.

इंदुताईंच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथातला लेख असा सुरू करावा की नाही, यावर मी बराच विचार केला. संपादकांनी मोकळेपणाने लिहायला सांगितले आहे. इंदुताईंविषयी मी मोकळेपणाने लिहायचे म्हटले, तर 'आदर' या शब्दाच्या आधी 'हेवा' हा शब्द येतो. आदर त्यांच्याविषयी सगळ्यांनाच आहे. या ग्रंथातल्या इतर लेखकांनी तो माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत मांडला असेल. हेवा मात्र या जिल्ह्यात माझ्याइतका कुणी केलेला नाही, आणि माणूस नीट पाहायचा असेल तर हेव्याइतकी बारीक नजर दुसऱ्या कशाने येत नाही.

त्यांचे काम समजून घेण्यासाठी आधी ती भिंत समजावी लागेल. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते. तिच्यात सेल्युलोजचे धागे असतात. सेल्युलोज म्हणजे खरे तर साखरच, एकमेकींना घट्ट धरून बसलेली. ती सुटी केली की आंबवता येते, आंबवली की मद्यार्क होतो, आणि मद्यार्कावर इंजिन चालते. पण या धाग्यांभोवती निसर्गाने लिग्निन नावाचा चिवट लेप भरलेला असतो. त्याच्यामुळे झाड ताठ उभे राहते, आणि त्याच्यामुळेच आमच्यासारखे लोक हात टेकतात. मी चोथा आम्लात उकळत होतो, कॉस्टिकमध्ये शिजवत होतो, वर बुरशीतून काढलेली पाचकद्रव्ये सोडत होतो. काळे पाणी निघे, घाण सुटे, आणि एवढे करून साखर हाती लागे ती थोडकी.

इंदुताईंचे म्हणणे एवढेच होते की बांधलेली भिंत फोडत बसण्यापेक्षा मुळात सैल भिंत बांधणारे झाड शोधावे.

हे मला सुचायला हवे होते. दहा वर्षे मी त्या भिंतीवर डोके आपटत होतो. त्यांना ते माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या सुचले. पुढे त्यांनी सांगितले की त्या हा विचार धुळ्यापासूनच करत होत्या, पण त्याने मला बरे वाटले नाही.

त्यांची पद्धत फार साधी होती. ज्वारीचे बियाणे एका रसायनात भिजवायचे म्हणजे त्यात बदल घडतात, ते पेरायचे, त्याचे बी पुन्हा पेरायचे, आणि मग ओळीओळीने पान न् पान पाहत हिंडायचे. ज्वारीच्या पानाची मधली शीर पांढरट असते. त्यांना हवी होती तपकिरी शीर, कारण लिग्निन कमी पडले की ज्वारीत तसा रंग उतरतो. डोक्याला पदर गुंडाळून त्या उन्हात तासन्‌तास हिंडायच्या. आमचे संचालक त्यांना गमतीने 'शोधयात्री' म्हणत.

एका सकाळी त्यांनी मला प्रयोगशाळेतून ओढूनच शेतात नेले. वाफ्याच्या कडेच्या ओळीत एक झाड होते. त्याच्या प्रत्येक पानाच्या मधून चहाचा ओघळ वाळावा तशी तपकिरी रेघ गेली होती.

"बघा सर. हिची भिंत कच्ची आहे." त्यांनी पान हाताने उलटे केले, लहान मुलाच्या गालाला हात लावावा तसे.

त्या ओळीवरून मी रोज चहाला जात असे. त्या सकाळीही गेलो होतो.

त्या एका झाडाची त्यांनी पुढच्या हंगामात पट्टी केली. चौऱ्याण्णव सालचा पावसाळा. वरून मंडळी पाहणीला येणार होती. दोन प्रकल्पांपैकी एकच पुढे चालवायचा असे ठरत होते, माझा किंवा त्यांचा. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी जोराचा वारा सुटला. सकाळी आम्ही सगळे शेतावर गेलो, तर इंदुताईंची अख्खी पट्टी भुईसपाट झालेली. शेजारची साधी ज्वारी मात्र उभी होती.

संचालक दक्षिण गुजरातचे, मनाने चांगले, पण पाहुण्यांसमोर त्यांना लाज वाटली. "बेन, आ तो बधुं सूई गयुं!"

"हो साहेब, निजलीय," इंदुताई म्हणाल्या. "मेलेली नाही."

भिंत सैल केली की झाड उभे कसे राहणार, हा प्रश्न कुणीही विचारला असता. पाहुण्यांनी तो विचारलाच, आणि त्यातले एक गृहस्थ म्हणाले की हजीऱ्याला समुद्रातून गॅस येतो आहे, तिथे मोठमोठे कारखाने उभे राहिले आहेत, आता पडलेल्या कडब्याचे पेट्रोल कुणाला हवे? निर्णय तिथेच झाला. माझा प्रकल्प चालू राहणार, त्यांची पट्टी हंगामाअखेर मोडून तिथे ऊस लावणार.

मी जिंकलो होतो. संध्याकाळी इंदुताई पडलेल्या ओळींतून वाकून चालत होत्या आणि प्रत्येक ताट कुठे मोडले, बुंध्याशी की मध्ये, ते पाहत होत्या. हरलेल्या माणसाने निदान हरल्यासारखे दिसावे, एवढी माझी अपेक्षा होती.

आणि मग सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांतली आपली मराठी माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. रंगाईच्या गिरण्या थांबल्या, रस्ते ओस पडले, उरलेल्या माणसांच्या तोंडांवर रुमाल. आमचे केंद्र बंद केले गेले. इंदुताई पांडेसऱ्याला धाकट्या भावाकडे राहत. पंडितभाऊ तिथल्या एका गिरणीत साड्या रंगवायच्या कामावर होते. सगळे घर अमळनेरजवळच्या गावाला निघाले आणि इंदुताईंनाही त्यांनी बरोबर घेतले.

पण स्टेशनला जाण्याआधी इंदुताईंनी टेंपो केंद्राकडे वळवायला लावला. मी फाटकाशी होतो. टेंपोत बोचकी, डबे, मधे भावजय, आणि इंदुताई विळा घेऊन थेट शेतात. पडलेल्या ताटांवरची कागदी पिशव्यांत बांधलेली कणसे त्या भराभर कापून उशीच्या अभ्र्यात भरू लागल्या.

भावजय टेंपोतून ओरडत होती, "ताई, चाल ना वं! गाडी निंघी जाई!"

"ऊनू, ऊनू!" आले, आले, असे इंदुताई तिथूनच ओरडल्या. घरच्या माणसांशी त्या अहिराणीच बोलत. परत येताना माझ्यासमोर थांबल्या. "काळेसर, तुम्हीही चला. आमच्या गावाला जागा आहे."

"माझ्या बुरश्या कोण सांभाळणार?"

"अहो, बुरश्या काय, कुठेही उगवतात. जिवाला जपा." एवढे बोलून त्या टेंपोत चढल्या. अभ्रा त्यांच्या मांडीवर होता.

मी राहिलो. बायकोला अमरावतीला पाठवून दिले होते. डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे प्लेगवरच्या कॅप्सूल घेत, तोंडाला फडके बांधून मी रोज सायकलवर केंद्रात येत होतो. बुरशीची ती वाणे मी वर्षानुवर्षे जोपासली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी केंद्राची वीज गेली आणि ती जोडायला माणूस मिळेना. थंड कपाट गरम झाले. एकेका नळीत हिरवी-काळी भलतीच बुरशी माजली. शेवटी सगळे उकळून फेकून द्यावे लागले.

केंद्र उघडल्यावर संचालक मला पाहून म्हणाले, "काळेभाई, तमे अहींज हता?" मी इथेच होतो, हे कुणाला माहीतच नव्हते.

जी बाई गाव सोडून गेली तिचे काय झाले, ते आता ऐका. पंडितभाऊंच्या शेतात दादर पेरायची वेळ झाली होती. दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी. त्यांच्या घरच्या दादरचे ताट बुंध्याशी जाड, वाऱ्याला सहसा न झुकणारे. इंदुताईंनी अभ्र्यातले बी वाळवून त्या दादरच्या शेजारी चार ओळी पेरले. कामावर परतल्यावरही त्या दर शनिवारी ताप्ती लाइनच्या गाडीने अमळनेरला जात. हिवाळ्यात दोन्ही फुलोऱ्यावर आल्या तेव्हा चिमट्याने एकेका फुलातले परागकोश काढून त्यांनी दोघींचा संकर केला. सुरतेत पट्टी उभी राहिली असती, प्लेग आला नसता, तर त्यांना हे सुचले असते का? मी स्वतःला हा प्रश्न बरेचदा विचारला आहे. उत्तर काहीही आले तरी माझ्या बुरश्या परत येत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात केंद्रातल्या पंपघराच्या मागच्या तुकड्यात त्यांनी ते संकराचे बी पेरले. संचालकांनी "करो, करो" म्हणून परवानगी दिली होती. झाडे वाढली तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो. एकूण एक पानाची शीर पांढरी होती. तपकिरी रेघ कुठेच नव्हती. मला जे वाटले त्याला आनंद हाच शब्द आहे, आणि तो मी गंभीर चेहऱ्याखाली झाकला.

"इंदुताई, गेला की हो तुमचा गुण."

त्या हसल्या. "गेली नाही सर, तपकिरी शीर लपलीय. पुढच्या पिढीत बाहेर येईल बघा. तुम्ही रसायनवाले, दिसलं नाही की नाही म्हणता."

पुढच्या पिढीत ती बाहेर आली. पांढऱ्या शिरेच्या झाडांमध्ये मधूनमधून तपकिरी शिरेची झाडे, आणि त्यांतली काही बुंध्याशी दादरसारखी जाड. पावसाळ्याच्या अखेरीस पुन्हा तसाच वारा आला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पंडितभाऊ गिरणीच्या सुट्टीत बहिणीबरोबर आले होते. मीही आलो होतो. का, ते आता सांगायला नको. चिखलातून पहिल्यांदा पंपघरामागे पंडितभाऊ पोहोचले आणि तिथूनच ओरडले, "उभी शे! ताई, उभी शे!"

काही झाडे पडली होती. पण निवडलेली तपकिरी शिरेची ताटे उभी होती. इंदुताई धावल्या नाहीत. हळूहळू आल्या, एका ताटाला हाताने हलवून पाहिले, आणि मग चिखलातच बांधावर बसून राहिल्या. पंडितभाऊंनी डोळे पुसले. मी तिथे कुणाचाच नव्हतो.

आता खरी परीक्षा उरली होती आणि ती माझ्या हातात होती. ती भिंत खरोखर सैल आहे का, हे केंद्रात फक्त माझीच प्रयोगशाळा सांगू शकत होती. इंदुताईंनी दोन्ही ताटांचा भुसा आणून दिला, साध्या ज्वारीचा आणि त्यांच्या ज्वारीचा. मी दोन्हींना अगदी सौम्य कॉस्टिक दिले, पाचकद्रव्य सोडले आणि साखर तपासली. या तपासणीत साखर नसेल तर नळी निळी राहते, जितकी साखर जास्त तितका गडद विटकरी रंग येतो. साध्या ज्वारीची नळी हिरवटसर झाली. त्यांची नळी पाहता पाहता भाजलेल्या विटेसारखी लाल झाली.

मी ती तपासणी पुन्हा केली. नवे द्रावण करून परत केली. नळ्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी त्या दारात आल्या.

"काय झालं सर?"

"परत करून पाहतो."

"पाहा ना. मला घाई नाही."

त्यांनी एकदा जरी घाई केली असती, तरी मला त्यांच्यावर रागावता आले असते. शेवटी चौथ्या दिवशी मी नळ्या स्टँडला लावून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी पाहिले आणि पहिल्यांदा विचारले ते असे, "तुमचं पाचकद्रव्य किती चांगलं चाललंय हो! नव्या बुरशीचं का?"

ती साखर आंबवून आम्ही मद्यार्क काढला. थोडासाच निघाला. मी स्पिरिटचा छोटा स्टोव्ह आणला, त्यात तो भरला आणि त्या निळ्या ज्योतीवर इंदुताईंनी सगळ्यांसाठी चहा केला. संचालकांनी बशीत ओतून घोट घेतला आणि म्हणाले, "आ तो पेट्रोलनी चा!" सगळे हसले. इंदुताई म्हणाल्या, "भिंत म्हणजे काय, हे मला काळेसरांच्या सूक्ष्मदर्शकाने दाखवलं. हा चहा सरांच्या भट्टीतला आहे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. श्रेय वाटण्यातही त्या माझ्या पुढे होत्या. या कामावरच्या शोधनिबंधातही त्यांनी माझे नाव आपल्या नावाआधी घातले. मी ते त्यांच्या नावामागे घालायला लावले. तेवढे तरी मला करता यावे म्हणून.

वर्षभरात दोन्ही प्रकल्प एकत्र झाले आणि विभागप्रमुख म्हणून इंदुताईंची नेमणूक झाली. केंद्रात मी त्यांच्याआधीचा. योग्य माणूस निवडला, असे मी सगळ्यांना सांगितले. ते खरे होते म्हणूनच सांगताना जड गेले.

त्यांच्या मायेची एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी बडोद्याच्या परिषदेत माझे व्याख्यान ठरले होते, माझ्या बुरश्यांवर. असा मान मला प्रथमच मिळत होता. नेमकी आदल्या आठवड्यात मला कावीळ झाली. इंदुताई घरी आल्या, माझ्या बायकोच्या हातात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचे पीठ ठेवले, आणि ते मला पचणार नाही हे कळल्यावर "मग तुम्ही खा" असे तिला म्हणाल्या. नंतर माझ्या खाटेशी बसून त्यांनी माझे व्याख्यान माझ्याकडून समजून घेतले. मधेच थांबवून विचारत, "हे असं का केलंत?" मला उत्तर देता देताच नव्याने कळत होते. बडोद्याला माझे व्याख्यान त्यांनी वाचले. स्वतःच्या ज्वारीचा एक शब्द काढला नाही. लोकांनी उठून टाळ्या दिल्या, असे तिथून आलेल्या तिघा-चौघांनी मला सांगितले. शाल आणि नारळ त्यांनी आणून माझ्या उशाशी ठेवले.

मी आयुष्यात दिलेले सर्वांत चांगले व्याख्यान इंदुताईंनी दिलेले आहे. हे दुःख कुणाला सांगावे?

बायकोला सांगितले. ती म्हणाली, "शाल छान आहे. पांघरा."

आज त्यांच्या ज्वारीपासून मोटारी चालत नाहीत, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. आखातातले युद्ध केव्हाच संपले होते, पेट्रोल मुबलक मिळत होते, आणि कडब्याचा मद्यार्क कुणी मागेना. मी खचलो. इंदुताईंकडे मात्र आजूबाजूचे म्हशीवाले येऊ लागले. सैल भिंतीचा कडबा जनावरांना पचायला हलका, म्हशी तो आवडीने खातात. ज्या झाडासाठी त्यांनी आठ वर्षे घालवली ते गोठ्यात गेले. मला वाटले, आता तरी त्यांना वाईट वाटेल. मी विचारलेही.

"वाईट कशाचं?" त्या म्हणाल्या. "इंजिनाला हवं असेल तेव्हा ते मागेल. म्हशीला आज भूक आहे. आणि सर, तिच्या पोटातसुद्धा हेच चाललेलं असतं ना, तुमच्या नळीतलं?"

चालते. अगदी तेच चालते. तेही मलाच सुचायला हवे होते.

इंदुताईंची साठी पूर्ण होत आहे. त्यांची प्रकृती अशीच खणखणीत राहो, बांधावरून चालताना त्यांना कुणाचा हात धरावा न लागो, पाने निरखणारी ती नजर शंभरीपर्यंत अशीच तीक्ष्ण राहो. या शुभेच्छांत माझा स्वार्थही आहे. दोन वर्षांनी मी साठ वर्षांचा होईन. माझ्यासाठी कुणी ग्रंथ काढील असे वाटत नाही. पण निघालाच, तर माझ्यावरचा लेख इंदुताईंनी लिहावा. बाकीच्यांना माझ्यात काय दिसते ते मला ठाऊक आहे. इंदुताईंना मात्र गेली आठ-नऊ वर्षे माझ्यात काहीतरी चांगले दिसत आले आहे. ते काय आहे, हे वाचायची मला फार उत्सुकता आहे.